सैगल संध्या: गाणी ठरली, दारू आणि प्रेमाचं निवेदन कसं लिहायचं?

रामबागकर
मंडळी, कुंदनलाल सैगल यांच्या गाण्यांचा कार्यक्रम बसवतोय. जागा इंदूरचं रवींद्र नाट्यगृह, वेळ मध्यंतरासकट दोन तास. दोन गायक, एक गायिका, साथीला पेटी, तबला, व्हायोलिन आणि की-बोर्ड. गाणी जवळपास ठरलीत, अडलंय ते निवेदनावर. सध्याच्या मसुद्याचा सूर असा आहे: जम्मूचा साधा मुलगा, अफाट प्रसिद्धी, प्रेमभंग, दारू, आणि त्या दुःखातून आलेला तो आवाज. वाचायला छान वाटतं, पण तालमीत दोघातिघांनी शंका काढल्या. तपशील तपासून द्याल का? गाण्यांच्या पट्ट्या, ध्वनिव्यवस्था, परवानगी यांबद्दलही सुचवा.

अठ्ठ्याहत्तर_फेरे
प्रेमभंग काढा. आधी तारखा मांडा, मग काय ते दिसेल.

जन्म १९०४, जम्मू. वडील तहसीलदार. लहानपणी रामलीलेत सीतेचं काम, आईबरोबर भजनं. पुढे रेल्वेत टाइमकीपर, मग रेमिंग्टन टाइपरायटरचे विक्रेते. कलकत्त्याला न्यू थिएटर्समध्ये बी. एन. सरकार यांनी महिना २०० रुपयांवर घेतलं. पहिले चित्रपट १९३२ चे, आणि ते चालले नाहीत. हे निवेदनात जरूर घ्या, कारण ‘एका रात्रीत तारा’ असं काही घडलेलं नाही. आधी हिंदुस्थान रेकॉर्डवर निघालेल्या तबकड्या लोकांच्या घरात गेल्या, मग १९३३-३४ मध्ये पडद्यावर बस्तान बसलं.

‘देवदास’ १९३५ चा. त्याच वर्षी सैगलांचं आशाराणींशी लग्न झालं. पुढे संसार, तीन मुलं. म्हणजे पडद्यावर पारोच्या दारात प्राण सोडणारा माणूस त्या वर्षी प्रत्यक्षात बोहल्यावर चढला होता. प्रेमात हरला तो कादंबरीकार शरदबाबूंचा (शरच्चंद्र चट्टोपाध्याय) नायक. तो तोटा सैगलांच्या खात्यावर मांडायला तुमच्याकडे काय आधार आहे?

डिसेंबर १९४१ मध्ये मुंबईला, रणजीत मूव्हिटोनमध्ये. ‘भक्त सूरदास’ १९४२, ‘तानसेन’ १९४३, ‘शाहजहान’ १९४६. मृत्यू १८ जानेवारी १९४७, जालंधर. वय ४२. गाणी सगळी मिळून सुमारे १८५. पंधरा वर्षांत एवढंच, आणि तेवढ्यावर पुढच्या दोन पिढ्यांचे गायक घडले.

नाट्यवेडी
तारखा मान्य, पण काका, प्रेक्षक तारखा ऐकायला येत नाहीत. रविवारी संध्याकाळी तिकीट काढून आलेल्या माणसाला गोष्ट हवी असते. देवदास आणि सैगल हे लोकांच्या मनात ऐंशी-नव्वद वर्षं एकच आहेत. ते तोडायला गेलात तर पहिल्या पंधरा मिनिटांत सभागृह गार पडेल. थोडी सरमिसळ केली तर काय बिघडलं?

अठ्ठ्याहत्तर_फेरे
ताई, गोष्ट आहेच की, फक्त ती वेगळी आहे. भूमिका माणसाला चिकटली, हीच गोष्ट. दुःखी प्रेमिकाचं काम इतकं चाललं की लोकांना तोच सैगल हवा झाला. निवेदकाने हे एका वाक्यात सांगितलं की गाणंही उठतं आणि खोटंही बोलावं लागत नाही. सरमिसळ केली की काय होतं माहीत आहे? ऐकणाऱ्याला वाटतं की पिणं हे गाण्याचं भांडवल आहे. आपल्याकडच्या मैफिलींभोवती हा समज आधीच भरपूर आहे, त्यात भर कशाला?

रामबागकर
मग ‘काली पाँच’चं (पेटीवरची काळी पाच) काय? पेगला ते असं म्हणायचे आणि घेतल्याशिवाय रेकॉर्डिंगला उभे राहत नसत. हा किस्सा लोकांना पाठ आहे. गाळला तर मध्यंतरात दहाजण येऊन सांगतील.

अठ्ठ्याहत्तर_फेरे
गाळू नका, पुरा सांगा. अर्धा सांगितला की विनोद होतो. ‘शाहजहान’च्या वेळी संगीतकार नौशादांनी त्यांना गळ घातली की एकदा न पिता गाऊन बघा, मग हवं तर पिऊन गा. दोन्ही ऐकवल्यावर सैगलांनी न पिता गायलेलं निवडलं. नौशादांनी हे स्वतः अनेकदा सांगितलं आहे, तेव्हा ‘नौशादांनी सांगितलेला प्रसंग’ म्हणूनच मांडा.

आणि जागा महत्त्वाची. दारूचा विषय ‘देवदास’पाशी आणू नका, तिथे तो लगेच भूमिकेत मिसळतो. दुसऱ्या भागात, ‘तानसेन’ आणि ‘शाहजहान’ यांच्या मधे ठेवा. तेव्हा ऐकणाऱ्याच्या हिशेबात असतं की माणूस चाळिशीत आहे, यश शिखरावर आहे आणि यकृत थकलं आहे. शेवटच्या वर्षातली गाणी नीट ऐका, सूर जागेवर आहेत. आवाजाआधी शरीर संपलं. निवेदनातली खरी कळ तिथे आहे.

रामबागकर
हे पटलं. आता नाजूक प्रश्न. आमच्या दोन गायकांपैकी एकाचं म्हणणं की मंचावर जायच्या आधी एक लार्ज घेतला की गळा मोकळा होतो, खर्जाचे स्वर छान लागतात. सैगलच्या गाण्यांना तर हवंच म्हणे. यात काही तथ्य?

घशाचे_डॉक्टर
मोकळं झाल्यासारखं वाटतं ते गळ्यामुळे नाही, डोक्यामुळे. भीती कमी होते आणि त्याबरोबर स्वतःचा सूर तपासणारा कानही सैल पडतो. म्हणून गाणाऱ्याला वाटतं मस्त लागला, आणि तंबोरा वेगळंच सांगत असतो.

हिशेब असा. लार्ज म्हणजे ६० मिली. आपल्याकडची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची, म्हणजे त्यात सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. यकृत तासाला साधारण ७ ते ८ ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे सहा वाजता घेतलेला एक पेग साडेआठपर्यंत अंगात असतो. तुमचा कार्यक्रम जवळजवळ तेवढाच आहे. मध्यंतरात दुसरा घेतला तर दुसऱ्या भागात दोन्हींची बेरीज.

गळ्यात काय होतं: स्वरपट्ट्यांवर पातळ, ओलसर थर असतो, त्याच्या जिवावर त्या सेकंदाला शंभर-दोनशे वेळा एकमेकींवर आपटूनही सोलवटत नाहीत. दारूने लघवी वाढते, पाणी कमी होतं, तो थर घट्ट आणि चिकट होतो. मग खाकरणं सुरू. खाकरणं म्हणजे पट्ट्यांवर थपडा. दुसरं, अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली पडते आणि आम्ल वर येऊन स्वरयंत्राच्या मागच्या भागाला भाजतं. छातीत जळजळ होईलच असं नाही, सकाळचा घोगरेपणा आणि घशात गोळा अडकल्याची भावना एवढंच लक्षण असू शकतं. तिसरं आणि सगळ्यांत वाईट: बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात आणि दुखणं जाणवत नाही. अशा वेळी तार सप्तकात जोर लावला तर पट्टीच्या आत रक्तस्राव होतो. आवाज एका क्षणात बसतो आणि पुढे काही दिवस पूर्ण मौन पाळावं लागतं. आधी ॲस्पिरिन घेतलेली असेल तर धोका आणखी.

खर्ज ‘छान लागतो’ याचं कारणही सांगतो. पट्ट्या सुजल्या की जड होतात आणि जड वस्तू हळू कंप पावते, त्यामुळे खालचे एकदोन स्वर सहज येतात. वरचे तेवढेच जातात. सैगलांचा खर्ज हा सुजेचा नव्हता.

त्याऐवजी हे करा. सकाळपासून थोडंथोडं पाणी, ऐन वेळी लिटरभर ढोसून उपयोग नाही, कारण पोटातलं पाणी पट्ट्यांपर्यंत पोचायला काही तास लागतात. जेवण तीन तास आधी. मंचावर येणार म्हणून सराफ्यातली (इंदूरची रात्रीची खाऊगल्ली) फेरी आदल्या रात्री नको, तिखट-तळलेलं मध्यरात्री खाऊन झोपलं की सकाळी आम्ल घशात. साधी वाफ दहा मिनिटं, त्यात बाम नको. मग ग्लासात पाणी घेऊन स्ट्रॉ दोनतीन सेंटिमीटर बुडवायची आणि बुडबुडे काढत ‘ऊ’वर खालून वर, वरून खाली सरकायचं, पाच मिनिटं. गळा खरा मोकळा होतो तो याने. मेंथॉलच्या गोळ्या घसा बधिर करतात, टाळा. ज्येष्ठमध चघळायला हरकत नाही, पण रक्तदाब असणाऱ्याने रोज भरपूर खाऊ नये. भीतीवर हृदयाच्या गोळ्या दुसऱ्याच्या सांगण्यावरून घेणं तर मुळीच नको, दमा असेल तर जिवावर बेतेल.

तुकोगंजची_पेटी
डॉक्टर, समजा गायक रोज पिणारा आहे. कार्यक्रम रविवारी आहे म्हणून त्याने शुक्रवारी रात्री शेवटचा घेऊन एकदम बंद केलं तर चालेल ना?

घशाचे_डॉक्टर
अधूनमधून पिणारा असेल तर खुशाल. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणारा असेल तर अजिबात नाही.

शेवटच्या पेगनंतर सहाआठ तासांत हात कापणं, घाम, मळमळ, झोप उडणं. सहा ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांत भ्रम, भास, ताप, छातीत धडधड, यात माणूस दगावू शकतो. तुमच्या उदाहरणात शुक्रवारी रात्री बंद केलं तर रविवारची रात्र हीच सगळ्यांत धोक्याची सुरुवात. म्हणजे ऐन कार्यक्रम.

असा माणूस कार्यक्रमाच्या तारखेशी न बांधता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडतो. पहिल्या आठवड्यात औषध देऊन मात्रा रोज उतरवतात, बी-१ जीवनसत्त्व देतात. ते ग्लुकोजच्या सलाइनआधी द्यायचं असतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते, म्हणून घरी कंपाउंडर बोलावून बाटली लावू नये. पुढे ओढ कमी करणारी औषधं महिनोनमहिने चालतात. न सांगता जेवणात पावडर मिसळण्याचे जे ‘हमखास उपाय’ मिळतात ते धोक्याचे: आत डायसल्फिराम असेल आणि त्यावर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळतो. सरकारी मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग हे करतो. व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय क्रमांक १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या पानावर हे दोन छापा, निवेदनात वाचून दाखवू नका.

नाट्यवेडी
छापायचं पटलं. आणि एक मंचावरचं सांगते: निवेदकाच्या हातात रिकामा ग्लास, अंधुक निळा प्रकाश, झुलणारी चाल, यातलं काही म्हणजे काही करू नका. मी वर गोष्टीची बाजू घेतली, पण पिण्याचा अभिनय गाण्याच्या कार्यक्रमात हमखास हास्यास्पद होतो.

तुकोगंजची_पेटी
गाण्यांच्या पट्ट्यांकडे येऊ. रामबागकर, यूट्यूबवर ऐकून पट्टी ठरवली असेल तर सगळं पुन्हा तपासा. मिनिटाला ७८ फेऱ्यांची तबकडी उतरवताना यंत्र ७३-७४ ने फिरलं तर गाणं जवळजवळ अर्धा स्वर खाली येतं. १९० सेकंदांचं गाणं २०० च्या पुढे जातं, आणि आवाज उगीच जड, सुस्त वाटतो. ‘सैगल दारूच्या अमलात गातोय’ असं ज्यांना ऐकू येतं त्यांतल्या काहींनी निव्वळ हळू फिरलेली तबकडी ऐकलेली असते! तपासायची रीत सोपी: साथीतला पेटी किंवा पियानोचा स्वर आपल्या पेटीवर लावून बघा. तो दोन पट्ट्यांच्या मधे पडत असेल तर प्रत बिघडलेली. चारपाच वेगवेगळ्या प्रती लावा. पिगडंबरच्या लता मंगेशकर रेकॉर्ड संग्रहालयात मूळ तबकडीविषयी विचारता येईल.

मग मूळ पट्टी कळली तरी गायकाने ती धरलीच पाहिजे असं नाही. गाण्यातला सगळ्यांत खालचा स्वर आधी गायला लावा, तोही तालमीच्या शेवटी, गळा तापल्यावर. तो भरीव न लागता नुसती हवा येत असेल तर अर्धा-एक स्वर चढवा. वरच्या टोकाची काळजी या गाण्यांत कमी.

नक्कल नको. नाकात गाणं म्हणजे सैगल, असा एक गैरसमज आहे. गाताना नाक चिमटीत धरा: ‘आ’ बदलला तर हवा नाकातून गळते आहे. मूळ आवाजात घुमारा आहे, गळती नाही. जीभ मागे ओढून स्वरयंत्र खाली दाबलं की तसा भास होतो, पण तिसऱ्या गाण्यात गळा दुखायला लागतो. आणि खेचू नका. ही गाणी तीन-सव्वातीन मिनिटांच्या तबकडीच्या मापाने बांधलेली आहेत. अंतरा परत घेतला तर साडेचार मिनिटं, त्यापुढे गेलात की बांधणी सुटते.

माईकवाला
सैगल हा माईकचा गायक, नाटकातल्यासारखा शेवटच्या रांगेपर्यंत फेकणारा नव्हे. म्हणून माईक तोंडापासून पाचसात सेंटिमीटरवर, किंचित तिरका. इतक्या जवळून खालचे स्वर आपोआप फुगतात, तेच हवंय. लो-कट (खालचे आवाज गाळणारं बटण) ८० हर्ट्झच्या वर नेऊ नका, खर्ज कापला जाईल. घुमायला लागलं तर २०० च्या आसपास दोनतीन डेसिबल काढा. आणि आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांचा आवडता एको बंद! एक सेकंदाचा हलका रिव्हर्ब (सभागृहासारखा घुमारा) पुरे.

की-बोर्डवर व्हायोलिनचा ताफा वाजवू नका, खरं व्हायोलिन आहे ना तुमच्याकडे? की-बोर्डला पियानो आणि ऑर्गन एवढीच कामं द्या.

‘बाबुल मोरा’ चालत गाणार असाल तर कॉलर माईक नको, खांदा हलला की खरखर येते. हातातला बिनतारी माईक घ्या. ‘स्ट्रीट सिंगर’मध्ये ते कॅमेऱ्यासमोर चालताचालता प्रत्यक्ष गायलेत आणि वादक चौकटीबाहेरून बरोबर चालत होते. तुमच्या मंचावर वादक बसलेले असतील, तेव्हा गायकाने तबलजीच्या नजरेबाहेर जायचं नाही, एवढं खडूने आखून ठेवा.

परवाना_पुराण
कंटाळवाणं पण लागणारं. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट, दोन्हींचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे मूळ रेकॉर्डचा किंवा १९४६ च्या चित्रपटाचा तुकडा दाखवायला त्या हक्काची अडचण नाही. मात्र शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ‘शाहजहान’चे गीतकार मजरूह २००० मध्ये गेले, नौशाद २००६ मध्ये, पंकज मलिक १९७८ मध्ये, तेव्हा त्यांची गाणी मंचावर गायला आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना घ्या. ‘बाबुल मोरा’ अवधचे नवाब वाजिद अली शाह यांची, ती मोकळी. गाण्यांची यादी जोडून अर्ज आधीच करा, आदल्या दिवशी धावपळ नको.

नाट्यवेडी
इंदूरचा धागा कुणी जोडलाच नाही! लताबाईंचा जन्म इथला, १९२९ चा. सैगल त्यांचं दैवत. स्वतःचा पहिला रेडिओ घेतला आणि त्यावर सैगल गेल्याची बातमी कानावर आली, तेव्हा तो रेडिओ परत करून टाकला, असं त्यांनी सांगितलेलं आहे. खंडव्याचे किशोरकुमार इथल्या ख्रिश्चन कॉलेजचे, तेही सैगलभक्त. ‘प्रेम’ हा शब्द निवेदनात हवाच असेल तर हे प्रेम घ्या. मास्टर दीनानाथांचा उल्लेख आला तर मात्र ओझरता ठेवा. त्यांच्या अखेरच्या हालांवर बोलायला लागलात की कार्यक्रम सैगलांचा राहणार नाही.

रामबागकर
सगळ्यांचे आभार. हिशेब असा बसवला: १६ गाणी, प्रत्येकी साडेचार मिनिटं, म्हणजे ७२. निवेदनं १६, प्रत्येकी दोन मिनिटं, म्हणजे ३२. मध्यंतर १५. एकूण ११९. पहिला भाग कलकत्ता, दुसरा मुंबई. दारूच्या निवेदनाचा नवा मसुदा:

‘तानसेन गाजला तेव्हा सैगल एकोणचाळीस वर्षांचे होते. मुंबईत काम भरपूर होतं, पैसा होता, घर होतं. पिणंही होतं, आणि ते आता रेकॉर्डिंगच्या खोलीपर्यंत आलं होतं. पेगला ते काली पाँच म्हणत. नौशादांनी सांगितलेला एक प्रसंग आहे…’ इथून दोन वेळा गायलेल्या गाण्याचा किस्सा, आणि ‘या शापित गंधर्वाने न पिता गायलेलं गाणं निवडलं. ऐकू या.’

अडचण एकच. भैरवीने शेवट व्हायला हवा, पण ‘बाबुल मोरा’ १९३८ ची. क्रमाने घेतली तर पहिल्या भागातच संपते.

अठ्ठ्याहत्तर_फेरे
‘शापित गंधर्व’ काढा, बाकी ठीक. त्या दोन शब्दांत पुन्हा तोच जुना देवदास शिरतो. आणि ‘ऐकू या’च्या आधी जालंधर, अंत्ययात्रा वगैरे काही नको, लोकांना ते गाणं गाणं म्हणून ऐकू द्या. मृत्यू त्यानंतर, दोन ओळींत: तारीख, गाव, वय.

भैरवी शेवटीच घ्या. क्रम मोडतो तर मोडू दे, निवेदकाने सन १९३८ स्पष्ट सांगायचं.

तुकोगंजची_पेटी
मग शेवटच्या दोन गाण्यांच्या मधे पट्टी बदलणार. निवेदनाची दोन मिनिटं आहेत, पण त्यात तबला चढवायला बसू नका, ठोकाठोकी माईकमधून सगळ्यांना ऐकू जाते. दुसरा तबला आधीच लावून कापडाखाली ठेवा. आणि पेटी स्केलचेंजर असेल तर पट्टी सरकवल्यावर सगळे स्वर एकदा दाबून बघा, रवींद्रच्या एसीत लाकूड आवळलं की एखादी पट्टी दाबलेलीच राहते.

रामबागकर
दुसरा तबला मिळाला. सुधारलेला मसुदा उद्या टाकतो.